जोयड्याची वाट आणि सौंदर्याचा दवाखाना

जोयडा तालुक्यातील कितीतरी खेड्यांत मोबाईलला रेंज मिळवायची तर आजही टेकडीच्या माथ्यावर चढावे लागते. पावसाळ्यात तेवढी चढणही सोपी नसते. तथापि त्या माथ्यावर उभ्या राहिलेल्या मुलीच्या हातातील पडद्यावर सर्वांत आधी जर काही उतरत असेल, तर ती जाहिरात. गोरे व्हा, सडपातळ व्हा, केस दाट करा; आणि अलीकडे, स्तनवृद्धीची शस्त्रक्रिया करून घ्या, लगेच घरी जा, पैसे हप्त्याहप्त्याने फेडा. ज्या डोंगराळ मुलखात आजारी माणसाला डांबरी रस्त्यापर्यंत आणताना घरच्यांची छाती दडपते, तेथे जाहिरात मात्र बिनचूक पोचते. कामाधंद्यासाठी अनमोड घाट उतरून गोव्यात आलेल्या, हॉटेलांत, दुकानांत आणि लोकांच्या घरी राबणाऱ्या तिकडच्या मुलींना तर टेकडीही चढावी लागत नाही.

हा विषय अग्रलेखाचा नव्हे, असे म्हणणारे वाचक असतील. काळी नदीवरील धरणे, व्याघ्र प्रकल्पातील गावांचे स्थलांतर, कुणबी समाजाची अनुसूचित जमातीत समावेश करण्याची मागणी, असे विषय सोडून संपादकांनी स्त्रियांच्या शरीराविषयी का लिहावे, असा त्यांचा आक्षेप असेल. आमचे उत्तर असे की, या विषयावर चारचौघांत एकतर हसले जाते किंवा गप्प बसले जाते, आणि या दोहोंचा फायदा फक्त विकणाऱ्याला होतो. प्रौढ स्त्रीने स्वतःच्या देहाविषयी काय ठरवावे हे सांगण्याचा अधिकार संपादकाला नाही, तिच्या सासऱ्याला नाही, गावच्या पंचांनाही नाही. परंतु ठरवण्यापूर्वी खरी हकीकत कळण्याचा तिचा अधिकार आहे, आणि तो तिला मिळत नाही, ही आमची तक्रार आहे.

देहाला घडण देणारे शल्यशास्त्र ही काही परदेशी चैन नव्हे, हेही येथेच नमूद केले पाहिजे. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणाऱ्या कावसजी नावाच्या माणसाचे नाक टिपूच्या सैन्याने कापले होते. पुण्याजवळच्या, विटा भाजणाऱ्या जातीतील एका कारागिराने कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक बसवले, आणि ती हकीकत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’ने छापली. युरोपातील शल्यविशारदांनी त्यावरून धडे घेतले. आपल्याच काळातील डॉ. नोशीर अंटिया यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात हीच विद्या कुष्ठरोग्यांच्या झडलेल्या नाकांसाठी आणि वाकड्या झालेल्या हातांसाठी वापरली. रूप परत मिळाले म्हणजे माणसात परत जाता येते, हे त्यांना ठाऊक होते. तेव्हा रूपासाठी केलेली शस्त्रक्रिया म्हणजे केवळ थिल्लरपणा, ही समजूत आम्हांला मान्य नाही. तक्रार विद्येविषयी नाही; ती विकताना काय सांगितले जाते आणि काय झाकले जाते, याविषयी आहे.

मग सांगावयाचे ते काय? प्रथम शस्त्रक्रियेचे. सिलिकोनच्या आवरणाची एक पिशवी, आत सिलिकोनचाच दाट लगदा किंवा मिठाचे निर्जंतुक पाणी, असे तिचे स्वरूप. तिला इम्प्लांट म्हणतात. स्तनाखालच्या घडीत, स्तनाग्राच्या कडेने किंवा काखेत छेद घेऊन ती स्तनग्रंथीच्या मागे किंवा छातीच्या स्नायूखाली बसवतात. रुग्णाला बहुधा पूर्ण भूल दिलेली असते आणि काम साधारणतः एक-दोन तासांत आटोपते. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी सोडतात. एवढा भाग जाहिरातीत खरा असतो. पोटा-मांड्यांची चरबी काढून तीच स्तनात भरण्याची दुसरीही एक पद्धत आहे. तीत बाहेरची वस्तू शरीरात राहत नाही, पण भरलेल्या चरबीपैकी काही भाग शरीर शोषून घेते आणि वाढही बेताचीच होते.

घरी सोडल्यानंतरची हकीकत जाहिरातीत नसते. छाती आवळल्यासारखी वाटते, सूज येते, हात वर करताना दुखते. हलकी कामे आठवडा-दोन आठवड्यांत करता येतात. परंतु जड उचलणे, ओढणे, ढकलणे हे साधारणपणे चार ते सहा आठवडे वर्ज्य असते. हा नियम शहरातल्या कचेरीत बसणाऱ्या बाईला उद्देशून लिहिलेला आहे. जोयड्याच्या एखाद्या वाडीवर परतणाऱ्या बाईच्या डोक्यावर पाण्याची घागर असते, जळणाचा भारा असतो; आषाढात ती चिखलात वाकून भाताची लावणी करते. सहा आठवडे तिचे काम कोण करणार, हा प्रश्न शहरातील डॉक्टरला सुचतही नाही आणि लाजेपोटी ती तो विचारत नाही. तंबाखूचीही गोष्ट तशीच. निकोटिनमुळे जखमेला होणारा रक्तपुरवठा कमी होतो, जखम भरत नाही, कातडी मरू शकते. सिगारेट ओढता का, असे विचारले की आमच्या बाया खरेच सांगतात, नाही. विड्यातून तंबाखू खाता का, असे कोणी विचारतच नाही.

व्रण फिका पडायला वर्षभर लागू शकते. स्तनाग्राची संवेदना कमी होऊ शकते, क्वचित कायमची जाते. पुढे मूल झाले तर अंगावर पाजता येईलच असे खात्रीने सांगता येत नाही. पुष्कळ जणींना पाजता येते, काहींना पुरेसे दूध येत नाही. एकवीस-बावीस वर्षांच्या, अजून लग्नही न झालेल्या मुलीला हे बजावून सांगितले पाहिजे. अमेरिकेत केवळ वृद्धीसाठी सिलिकोनच्या लगद्याचे इम्प्लांट बावीस वर्षांखालील मुलींकरिता मान्य नाही. त्यामागे शरीराची वाढ पूर्ण होऊ द्यावी हा विचार आहे.

परंतु आमच्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट याहून निराळी आहे. इम्प्लांट जन्मभर टिकत नाही. शस्त्रक्रिया एका दिवसाची असली तरी राखण जन्माची असते. शरीर या परक्या वस्तूभोवती तंतूंचे वेष्टन तयार करते. ते काही स्त्रियांत आवळत जाते, स्तन दगडासारखा कठीण होतो, दुखतो, त्याचा आकार बिघडतो. पिशवी फुटू शकते. मिठाच्या पाण्याची फुटली तर स्तन बसतो आणि लगेच कळते; सिलिकोनची फुटली तर वर्षानुवर्षे काहीच कळत नाही. म्हणूनच अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची सूचना अशी आहे की, सिलिकोनचे इम्प्लांट बसवल्यानंतर पाच-सहा वर्षांनी आणि पुढे दर दोन-तीन वर्षांनी सोनोग्राफी किंवा एमआरआय करून घ्यावे. त्याच प्रशासनाने २०११ मध्ये जाहीर केले होते की, वृद्धीसाठी इम्प्लांट बसवलेल्या पाच स्त्रियांपैकी एकीला दहा वर्षांच्या आत ते काढावे लागते. कर्करोगानंतर स्तन पुन्हा घडवण्यासाठी बसवले असेल तर हे प्रमाण दोघींत एक इतके जाते. काढून पुन्हा बसवले नाही तर ताणलेली कातडी सुरकुतते, लोंबते. पूर्वीचा स्तन परत मिळत नाही.

आता हा हिशेब जोयड्याच्या वाटेवर मांडून पाहावा. प्लॅस्टिक सर्जन आणि एमआरआय या दोन्हींसाठी तालुक्याबाहेर जावे लागते. रामनगरच्या लोकांना बेळगाव, दांडेलीकडच्यांना हुबळी, अणशी-कुंभारवाड्याकडच्यांना घाट उतरून कारवार. आणि बऱ्याच जणांचा ओढा गोव्याकडे, बांबोळीला. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात परप्रांतीय रुग्णांसाठी जानेवारी २०१८ पासून शुल्क लागू झाले, तेव्हा सिंधुदुर्गाचा आवाज पुष्कळ ऐकू आला. घाटापलीकडच्या जोयड्याचा मात्र कोणाच्या कानी गेला नाही. शस्त्रक्रियेपुरते पैसे मुलगी गोव्यातील पगारातून हप्त्याने फेडीलही. परंतु नोकरी संपली, लग्न झाले, ती परत गावी गेली, तर सहाव्या वर्षीची तपासणी कोठे, बाराव्या वर्षीची दुसरी शस्त्रक्रिया कोणाच्या पैशाने? हप्त्यांचा करार करून घेणाऱ्या दवाखान्याने या दुसऱ्या शस्त्रक्रियेचा आकडा पहिल्याच दिवशी कागदावर लिहून द्यावयास हवा. तो आकडा पाहून जिला नको वाटेल तिचे पैसे वाचतील, आणि जिला तरीही हवे असेल ती डोळे उघडे ठेवून निर्णय घेईल.

आपल्या छातीत नेमके काय बसवले आहे, हे माहीत असणे किती आवश्यक असते, ते फ्रान्समध्ये दिसले. पीआयपी नावाची तेथील कंपनी वैद्यकीय दर्जाच्या सिलिकोनऐवजी स्वस्तातले, कारखान्यांतील कामासाठीचे सिलिकोन भरत होती. तिच्याजवळ प्रमाणपत्र होते, आणि तिचा माल साठांहून अधिक देशांत, लाखो स्त्रियांच्या शरीरात गेला होता. २०१० मध्ये ते बिंग फुटले. २०११ च्या अखेरीस फ्रेंच सरकारने आपल्या सुमारे ३०,००० स्त्रियांना ते काढून घेण्याचा सल्ला दिला. २०१३ मध्ये कंपनीच्या संस्थापकास चार वर्षांची कैद झाली. त्यानंतर खरबरीत पृष्ठभागाच्या काही इम्प्लांटांमुळे लसीकासंस्थेचा एक दुर्मीळ कर्करोग होतो असे आढळले आणि जुलै २०१९ मध्ये अॅलरगन कंपनीने बायोसेल जातीचा आपला माल जगभरातून परत बोलावला. हा कर्करोग विरळा आहे आणि वेळीच लक्षात आला तर बहुधा बरा होतो, तेव्हा घाबरून जाण्याचे कारण नाही. पण ज्या बाईजवळ कंपनीचे नाव, जात आणि क्रमांक लिहिलेले कार्डच नाही, तिने अशी बातमी वाचल्यावर करायचे काय? हे कार्ड शस्त्रक्रियेनंतर हक्काने मागून घ्यावे आणि रेशनकार्डाशेजारी जपून ठेवावे. बऱ्याच वर्षांनी एकाच बाजूला अचानक सूज आली, गाठ लागली किंवा दुखू लागले, तर ते कार्ड घेऊन तडक डॉक्टरकडे जावे. कर्करोगाच्या तपासणीसाठी मॅमोग्राफी करणाऱ्यालाही इम्प्लांट असल्याचे आधीच सांगावे, कारण त्यामागे स्तनाचा काही भाग झाकला जातो आणि निराळ्या बाजूंनी जास्त चित्रे घ्यावी लागतात.

सिलिकोनच्या लगद्याचे पहिले इम्प्लांट १९६२ मध्ये अमेरिकेतील ह्यूस्टन शहरी, एका धर्मादाय रुग्णालयात बसवले गेले. टिमी जीन लिंडसे ही सहा मुलांची आई तेथे छातीवरील गोंदण काढून घेण्यासाठी गेली होती. डॉक्टरांनी तिलाच या नव्या शस्त्रक्रियेविषयी विचारले. तिचे म्हणणे असे की, आपल्याला छातीपेक्षा कानांची चिंता होती. पुढे आलेले कान मागे बसवून देत असाल तर तयार आहे. ज्या शस्त्रक्रियेने पुढे कोट्यवधींचा धंदा उभा केला, ती पहिल्या स्त्रीने मागितलेलीच नव्हती. गरीब बाईला विचारले गेले आणि ती हो म्हणाली. अशा होकाराची किंमत किती, हे आमच्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात स्पष्ट केले आहे. तपासणीसाठी संमती दिलेल्या त्या रुग्णाचे गर्भाशय ती भुलीखाली असताना, तिच्या आईला विचारून काढले गेले होते. न्यायालयाने ती संमती मानली नाही. उपचार कोणता, त्याला पर्याय कोणते, धोके कोणते, न केला तर काय होईल, हे रुग्णाला समजेल असे सांगितल्याखेरीज घेतलेली सही ही संमती नव्हे.

समजेल असे, या शब्दांकडे आम्ही लक्ष वेधू इच्छितो. जोयड्यातील कुणबी बाई घरी कोकणी बोलते. रामनगरच्या बाजूला मराठी शाळा झालेली असते. सरकारी कागद कन्नडमध्ये येतो. आणि दवाखान्याच्या टेबलावर सहीसाठी पुढे सरकतो तो कागद इंग्रजी असतो. भाषांच्या या चौरस्त्यावर तिचा अंगठा घेतला जातो. सीमाप्रश्नाच्या नावाने दोन्ही बाजूंनी भाषेवर इतकी वर्षे रणे माजली. आजारी माणसाला त्याच्या भाषेत कागद मिळावा यासाठी कोणी मोर्चा काढल्याचे आम्हांला आठवत नाही. अमेरिकेत ऑक्टोबर २०२१ पासून इम्प्लांट बसवण्यापूर्वी धोक्यांची यादी रुग्णापुढे वाचून, तिच्यावर दोघांच्या सह्या घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. अशी यादी मराठी, कोकणी आणि कन्नड भाषांत छापणे हे काही अंतराळयान सोडण्याइतके अवघड काम नव्हे.

आता थोडे आमच्या घरातले. स्तनांचा आकार औषधाने, तेलाने, मलमाने किंवा मालिशीने वाढतो याला वैद्यकात आधार नाही. अशा औषधांची जाहिरात करणे हा १९५४ च्या औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्यान्वये गुन्हा आहे. त्याच्या अनुसूचीत स्त्रीच्या वक्षाचा आकार व घडण हे शब्द स्पष्टपणे घातलेले आहेत. स्वराज्य येऊन सात वर्षेही झाली नव्हती तेव्हा संसदेला ही गोष्ट कळली होती. तरीही छोट्या जाहिरातींच्या रकान्यांत या मलमांना जागा देऊन वृत्तपत्रांनी पैसा केला. मराठी वृत्तपत्रे त्याला अपवाद नव्हती, आणि म्हणून मोबाईलवरील जाहिरातींना नावे ठेवताना आमचा आवाज जरा खाली येतो.

एका गोष्टीचा मात्र उल्लेख न करता हा विषय संपवता येणार नाही. कर्करोगामुळे ज्यांचा स्तन काढावा लागला, त्या स्त्रियांचा. त्यांच्यासाठी इम्प्लांट किंवा पाठीच्या वा पोटाच्या मांसाने स्तन पुन्हा घडवणे ही हौस नव्हे, तो उपचाराचाच भाग आहे. आरोग्यविम्याच्या प्रमाणित अटीही हा फरक करतात: सौंदर्यशस्त्रक्रियेचा खर्च मिळत नाही, पण अपघात, भाजणे किंवा कर्करोग यांनंतरची पुनर्रचना वगळलेली नाही. हे रुग्णाला सहसा सांगितले जात नाही. ज्या बाईला पुन्हा चाकूखाली जायचे नसेल, तिला झंपराच्या आत वापरावयाचा सिलिकोनचा किंवा विणलेला कापसाचा स्तन मिळू शकतो, हेही तिला कोणी सांगत नाही. ती जन्मभर पदर ओढून बसते. २०१८ मध्ये तामिळनाडू सरकारने चेन्नईच्या स्टॅन्ली वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात स्तनांच्या शस्त्रक्रियांची, वृद्धीचीदेखील, विनामूल्य सोय केली तेव्हा पुष्कळांनी नाके मुरडली. साथीचे रोग सोडून हे काय, असे म्हटले. अग्रक्रमाचा मुद्दा खोटा नाही, आणि जोयड्यासारख्या तालुक्यात प्रसूतीची सोय आधी हवी हे आम्हीही म्हणू. परंतु स्तन गमावलेल्या गरीब स्त्रीच्या बाबतीत आधी आणि नंतर असा क्रम लावण्याचा हक्क कोणालाही पोचतो, असे आम्हांला वाटत नाही.

उत्तर कन्नड जिल्ह्यात सुसज्ज रुग्णालय हवे ही मागणी जुनी आहे. जुलै २०२२ मध्ये होन्नावरहून रुग्ण घेऊन जाणारी रुग्णवाहिका शिरूरच्या टोलनाक्यावर उलटली आणि चार जीव गेले, तेव्हा ती जिल्हाभर पेटून उठली. ते रुग्णालय उभे राहील तेव्हा राहो. तोवर दोन गोष्टी कारवारच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाला आणि बांबोळीला करता येतील. स्तनांच्या तपासणीसाठी डॉक्टर आणि सोनोग्राफीचे यंत्र महिन्यातून एक दिवस जोयड्याला आणि एक दिवस रामनगरला यावे. गाठ असलेली, इम्प्लांट असलेली, स्तन काढलेली, सर्व बायांना तेथे एकाच रांगेत बसता यावे, म्हणजे कोण कशासाठी आली हे कोणाला विचारावेसे वाटणार नाही. गोव्याने २०२१ मध्ये ‘स्वस्थ महिला, स्वस्थ गोवा’ या नावाने गावोगावी अशी तपासणी हाती घेतली होती. घाटाच्या पलीकडे तो अनुभव उपयोगी पडेल. दुसरी गोष्ट आशा कार्यकर्त्यांची. डॉ. अंटिया मुंबईतील प्लॅस्टिक सर्जरी विभागातून निघून अलिबागजवळच्या मांडव्याला गेले आणि खेड्यातल्या अल्पशिक्षित बायांनाच त्यांनी आरोग्याचे काम शिकवले. डॉक्टरला जे सांगायला जमत नाही ते त्या चुलीपाशी बसून सांगत. उळवीची, गुंदची, कॅसलरॉकची आशा कार्यकर्ती हेच करू शकेल. तिच्या पिशवीत मराठी, कोकणी आणि कन्नडमधला एक छापील कागद मात्र हवा, आणि तो छापण्याचा खर्च दोन्ही सरकारांना जड जाऊ नये.